वाण आणि वॉर्ड

मकरसंक्रांतीला एका घरातून निघालेली प्लास्टिकची गाळणी रथसप्तमीपर्यंत चार घरं फिरते आणि एकदाही चहा न गाळता पुढच्या वर्षीच्या पिशवीत जाऊन बसते. तिच्या सोबतीला साबणदाणी, टिकल्यांची पाकिटं, घडीचा कंगवा आणि झाकण न बसणारा डबा.

वाणाची खरेदी तुळशीबागेत होते, दादरला होते, आणि डझनाच्या भावाने होते. बाई दुकानदाराला विचारते, "वीस रुपयांच्या आतलं काय आहे?" कुणासाठी हवंय, असं दुकानदार विचारत नाही. धंदा कळलेला माणूस आहे. डझनावारी वस्तू डझनावारी बायकांसाठीच असणार. मात्र सवाष्णी असण्याची अट पक्की. आजारपणात महिनाभर डबा पोचवणारी शेजारीण विधवा असेल, तर कित्येक घरांत तिच्या वाट्याला ती गाळणीसुद्धा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. वाणाच्या यादीपर्यंत तो सावकाश चालत येतो आहे.

जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, मिळालेली वस्तू स्वतः घ्यायची झाली तर किती पैसे मोजाल? उत्तरांवरून निघालं की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग नुसता वाया जातो. मित्रांनी दिलेल्या वस्तूंत घट कमी, दूरच्या नातलगांनी दिलेल्यांत जास्त. आमचं हळदीकुंकू त्याच्या पाहण्यात आलं नसावं. एक तृतीयांशावर थांबला, यावरूनच कळतं.

म्हणून हल्ली शहाणी माणसं सांगतात, भेट द्यायची तर विचार करून, समोरच्याला ओळखून द्यावी. सल्ला चोख आहे. पण महाराष्ट्रात तो मनापासून पाळणारी एकच जमात दिसते, ती म्हणजे महापालिकेच्या तिकिटाचे इच्छुक.

त्यांच्या हळदीकुंकवाला तिथी लागत नाही, निवडणूक लागते. 2026 मध्ये तर 29 महापालिकांचं मतदान 15 जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आलं. पंचांगकर्ते आणि निवडणूक आयोग यांचं इतकं कधी जुळलं नव्हतं. इच्छुक दादांच्या मांडवात गाळणी नसते. तिथे साडी असते, कुकर असतो, खेळ झाला तर पैठणी असते. आणि अभ्यास तर असा, की बायकोच्या वाढदिवसाला तोच तो परफ्यूम आणणाऱ्या नवऱ्यांनी शिकवणी लावावी. कुठल्या घरात किती मतं, सासू कोणाकडे झुकते, सून माहेरच्या पत्त्यावर मतदार आहे का, सगळं कार्यकर्त्याला पाठ. भारतीय न्याय संहितेचं 170 वं कलम मतासाठी दिलेल्या अशा वस्तूला लाच म्हणतं. वॉर्डात तिला आपुलकी म्हणतात, आणि साडीचा पोत बघता वॉर्डाचं म्हणणं जास्त पटतं.

तेव्हा पंचाईत अशी आहे की घरच्या भेटीत विचार नाही आणि मांडवातल्या भेटीत विचाराशिवाय दुसरं काही नाही. दोन्हींत निवडायचंच तर मी गाळणीच्या बाजूने. ती निरुपयोगी असेल, पण पाच वर्षं वसुली करत नाही. शिवाय तिच्या निमित्ताने बायका एकमेकींच्या घरी जातात, तिळगूळ खातात, सुनांबद्दल बोलतात. हा लाभ वाल्डफोगेलच्या हिशेबात धरलेला नव्हता.

एवढी एकच विनंती. पुढच्या संक्रांतीला कुणाला गाळणी द्यायची ठरवलीत, तर आधी तिच्याकडे जाऊन एकदा चहा पिऊन या. चहात पत्ती आली, तर खुशाल द्या.