आणि बाटलीसुद्धा उघडते!

असा एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत आहेच. बेल वाजते, आपण दार उघडतो, तर हा पाठीमागे हात लपवून उभा. "ओळखा बघू, काय आणलंय!" आमच्या चिंचवडच्या सोसायटीत याला नाना म्हणतात.

परवा आली ती हातोडी. पितळी, सुबक. दांड्याची टोपी फिरवली की आतून स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या पोटातून दुसरा, दुसऱ्याच्या पोटातून तिसरा, आणि चौथा इतका बारीक की चष्म्याच्या काडीपलीकडे त्याला जगात काम नाही. "एकात पाच!" मी मान डोलावून हातोडी परत द्यायला लागलो, तर नाना म्हणाले, "थांबा, मागची खाच बघा. बाटलीसुद्धा उघडते!"

नाना चहाखेरीज काही पीत नाहीत. घरात कधी बाटली आलीच तर ती कोकम सरबताची, फिरकीच्या झाकणाची. तरी त्यांच्या टॉर्चला, मोजपट्टीला, अगदी सायकलच्या पान्यालाही ती खाच आहे. वहिनी म्हणतात, एवढ्या ओपनरांत आमच्याकडे बार चालला असता.

त्या हातोडीनं माझ्याकडे कॅलेंडरचा खिळा ठोकायचं ठरलं. दांडा पोकळ. घाव बसायच्या आत पोटातले चौघे खुळखुळले, डोकं तिरकं गेलं आणि खिळा वाकला. कॅलेंडर सध्या कडीला लटकतंय.

त्याआधी 'कुठल्याही नटाला एकच सॉकेट' आलं होतं. आत पोलादाच्या ५४ बारीक कांड्या, प्रत्येकीमागे स्प्रिंग. नटावर दाबलं की समोरच्या कांड्या आत जातात, उरलेल्या त्याला वेढून धरतात. बघायला खरंच मजा येते, आणि पडद्याचा हूक वगैरे फिरवायला ते चालतंही. पण गंजलेल्या नटाला सहाही बाजूंनी सपाट, घट्ट पकड लागते. सुट्या कांड्या जोर लावला की सरकतात. पंपाचा नट त्यांनी असा गोल केला की मग खरा पानाही त्यावर बसेना. प्लंबर म्हणाला, "काका, आता कापायलाच लागणार." नाना मात्र सॉकेटची दांडी न्याहाळत होते. मी विचारलं, "बाटली उघडते?" नाना चक्क लाजले.

दोष मूळ पुरुषातच असावा. स्विस सैन्याचा १८९१च्या सुमाराचा चाकू अगदी शहाणा होता: पातं, टोच्या, डबा उघडायची आकडी आणि नव्या रायफलीसाठी स्क्रू ड्रायव्हर. शिपायाचं काम भागत होतं. मग १८९७मध्ये अधिकाऱ्यांसाठी चाकू निघाला आणि त्यात शिरला बूच काढायचा पिळदार स्क्रू. सैन्यानं तो काही दिला नाही. साहेबलोकांनी स्वतःच्या पैशानं घेतला. पुढे एका कंपनीनं ८७ अवजारांचा, १४१ कामांचा, किलोच्या वर वजनाचा चाकू काढला. त्याचं चित्र नाना आजारी नातवाचा फोटो दाखवावा तशा हळव्या हातानं दाखवतात.

माझं म्हणणं, दोन कामं एकाच बैठकीत येत असतील तरच ती एका हत्यारात घालावीत. आपली विळी बघा. भाजी चिरून झाली की त्याच पाटावर, त्याच जागी नारळ खवायचा. म्हणून टोकाला खवणी. तिला कोणी ओपनर लावला नाही. आणि घरोघरचा टेस्टर! वीज आहे का बघायची आणि त्याच बोर्डाचा स्क्रू काढायचा. नानांच्या हातोडीनं मात्र खिळा ठोकणारा माणूस चष्मा दुरुस्त करायला लगेच का बसेल?

चीड येते ती याची की नाना अडाणी नाहीत. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. नट नुसता बघून 'सतरा नंबर' सांगतात. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह फुटला आणि प्लंबरनं फोन उचलला नाही, तेव्हा नाना दोन साधे पाने, एक पक्कड आणि टॉर्च घेऊन गच्चीवर आले. ती सगळी जत्रा घरी ठेवून. म्हणजे त्यांना कळतं! मग घेता कशाला, असं मी तिथंच, भिजत, विचारलं.

नाना व्हॉल्व्ह आवळत बोलले. कंपनीत टूल रूमच्या खिडकीत पितळी बिल्ला ठेवायचा, हत्यार घ्यायचं, पाळी संपायच्या आत परत करायचं, बिल्ला सोडवायचा. संध्याकाळी गेटवर डबा उघडून दाखवायचा. "उत्तम हत्यारं हो, प्रत्येक कामाला वेगळं. त्यातलं एकही माझं नव्हतं."

यावर काय बोलणार? मी टॉर्च धरला. ओपनरवालाच होता तो.

हल्ली नानांनी जिन्याखालच्या खोलीत स्वतःचीच टूल रूम काढलीय. फळीवर वही, वहीला दोरीनं पेन. हत्यार कुणीही न्यावं, पण बिल्ल्याऐवजी अशी वस्तू ठेवावी की जिच्यावाचून अडेल. तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलानं स्क्रू ड्रायव्हर नेला आणि तो तसाच हॉस्टेलवर गेला. तेव्हापासून काकूंच्या कुकरची शिट्टी खिळ्याला टांगलेली आहे. काकू पातेल्यात वरण शिजवतात आणि जिन्यात नाना दिसले की मुद्दाम मोठ्यानं विचारतात, "काय हो, तुमच्या एकात पाचमध्ये शिट्टी नाही का?"

नाना शोधतायत.