बाप्पा बाप्पा, स्टोरीत काय टाकलं पोट्ट्यानं!

ऐकलं का? नाही? मग तुम्ही मौद्यात राहता की नुसते भंडारा रोडनं जाताना बसच्या खिडकीतून मौदा पाहता? गावात सध्या एनटीपीसीच्या राखेवर कोणी बोलत नाही, कन्हानच्या रेतीवर तर उघड कोणी कधी बोलतच नाही. बोलणं सुरू आहे ते एकाच गोष्टीवर. मॅच जिंकल्यावर पोट्टे स्टोरीत काय काय टाकतात!

रीत ठरलेली आहे. टेनिस बॉलची नाइट मॅच मारा, नाहीतर कबड्डीत शेवटच्या रेडला पॉइंट आणा. घाम पुसायच्या आधी फोन बाहेर. काळा गॉगल, कानठळ्या बसवणारं गाणं आणि खाली हरलेल्या टीमच्या आयाबहिणींचा उद्धार. तोही कसा, तर शिवीतलं मधलं अक्षर काढून तिथं चांदणी बसवलेली. चांदणी लावली की शिवी सोवळी होते अशी या पिढीची श्रद्धा आहे. वाचणाऱ्याला ती चांदणी काडीची आडवी येत नाही. ज्याला शब्द लागत नाही तो चारचौघांत विचारतो, "हे काय लिवलं बे?" मग दुसरा मोठ्यानं वाचून दाखवतो. झालं सोवळं!

"चोवीस तासांत जाते ना काकाजी स्टोरी, कायले टेन्शन घेता?" असं वर आपल्यालाच समजावतात.

जाते, पण कुठं? हरलेल्या कप्तानाच्या फोनमध्ये. तिथं स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर असतो, तारीखवार लावलेला. शाळेच्या वह्या ज्यानं कधी नीट ठेवल्या नाहीत, त्याचं हे दप्तर पाहून तलाठ्यानं शरमावं. तिथून माल निघतो तो पानठेल्यावर. काकाजी खर्ऱ्याची पन्नी घोटता घोटता थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात, दोन बोटांनी स्क्रीनशॉट मोठा करतात, आणखी मोठा करतात, "बाप्पा बाप्पा बाप्पा!" म्हणतात आणि 'कुठं चालली आजची पिढी' असा मथळा लावून चार ग्रुपवर धाडून देतात. ज्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ती शिवी उभ्या जन्मात पोचली नसती, तिथं ती काकाजींच्या कृपेनं सकाळच्या आरतीआधी हजर.

याच काकाजींच्या तोंडून कबड्डीच्या मैदानावर तरुणपणी काय निघायचं, ते त्यांच्या वयाच्या कोणालाही विचारा. पण ते हवेत गेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडलं की गावची सगळी इडापिडा वेशीबाहेर जाते, तसंच काहीसं. मोबाइलमधलं मात्र मारबतही नेत नाही.

आता कोणी म्हणेल, हे मौद्याचंच खूळ. छे हो! थेट लॉर्ड्सवर पोचलेलं आहे. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन. जून 2021, आयुष्यातली पहिली कसोटी, समोर न्यूझीलंड. पठ्ठ्यानं सामन्यात सात बळी घेतले, 42 धावाही केल्या. आणि पहिल्याच दिवशी, तो मैदानात घाम गाळत असताना, त्यानं 2012-13 साली, म्हणजे अठरा-एकोणिसाव्या वर्षी केलेली वर्णद्वेषी आणि बायकांना हिणवणारी ट्विटं कोणीतरी उकरून काढली. संध्याकाळी बळींचं कौतुक ऐकायचं सोडून माफीनामा वाचायची वेळ! सामना संपला तशी बोर्डानं त्याला बाहेर बसवलं. यावर इंग्लंडात काय व्हावं? एका मंत्र्यानं बोर्डालाच सुनावलं की हे जरा अतीच झालं, आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सननी त्याची री ओढली. म्हणजे आपल्या पानठेल्यावरचा वाद आणि तिथल्या सरकारातला वाद, सारखाच. मग इतरांचीही जुनी ट्विटं वर आली, अँडरसनचं, मॉर्गनचं, बटलरचं. अर्ध्या टीमच्या पोटात गोळा.

रॉबिन्सनला शेवटी शिक्षा काय? आठ सामन्यांची बंदी, त्यातले पाच दोन वर्षांसाठी स्थगित, उरलेले तीन तोवर भोगून झालेले, आणि 3,200 पौंड दंड. हिशोब चुकता. त्याच उन्हाळ्यात तो परत आला आणि चार कसोटींत 21 बळी घेतले. कोणाचे? आपलेच की!

त्यातल्या त्यात तो नशीबवान. ग्रीसची तिहेरी उडीपटू व्हुला पापाख्रिस्तू 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला निघायच्या बेतात होती. आफ्रिकेतून आलेल्या लोकांची टर उडवणारं एक ट्विट केलं आणि स्पर्धेआधीच संघातून बाहेर. एकही उडी न मारता.

आपल्याकडचे मोठे लोकही मागे नाहीत. युवराज सिंग, एप्रिल 2020, लॉकडाऊन, इन्स्टाग्राम लाइव्ह. पलीकडे आपल्या नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा. गप्पा रंगात आल्या, विषय चहलच्या टिकटॉकचा निघाला आणि युवराजच्या तोंडून जातिवाचक शब्द गेला. जूनमध्ये माफी मागितली, पण हरियाणात हांसीला गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये रीतसर अटक होऊन जामीन घ्यावा लागला. चेष्टेत बोललो, हे पोलिसांच्या कोणत्या रकान्यात भरणार?

हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुलची गंमत टीव्हीवरची, पण क्लिपा फिरल्या मोबाइलमधूनच. करण जोहरसमोर कॉफी पिता पिता हार्दिक बायकांबद्दल असा काही सुटला की जानेवारी 2019 मध्ये दोघांची ऑस्ट्रेलियातून घरी रवानगी. मुंबईच्या खार जिमखान्यानं कौतुकानं दिलेलं मानद सदस्यत्वही हार्दिककडून काढून घेतलं. पुढं क्रिकेट बोर्डाच्या लोकपालांनी प्रत्येकी 20 लाख दंड केला: शहीद निमलष्करी जवानांच्या दहा विधवांना एकेक लाख आणि दहा लाख अंध क्रिकेटला. कॉफी महाग पडली, पण तेव्हाही हिशोब होता.

मौद्यातल्या पोट्ट्याचा हिशोब कोण करतो? त्याला ना लोकपाल, ना सुनावणी, ना 'पाच सामने स्थगित'. त्याला एका रात्री टीमच्या ग्रुपमधून काढतात, तेही ॲडमिन झोपेत असताना ॲडमिनचा भाऊ काढतो. परत कधी घेणार, कोणी सांगत नाही. आणि इथं खेळ हा नुसता खेळ नाही. खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, आणि घरोघरी पोलीस भरतीची स्वप्नं आहेत. पहाटे पाचला रस्त्यानं पळणारा पोट्टा पदकासाठी पळत नाही, वर्दीसाठी पळतो. वर्दीच्या आधी येते चारित्र्य पडताळणी. तिथं गुन्हा नोंदलेला दिसला की सोळाशे मीटर कितीही कमी वेळात मारा, फाइल अडकते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये रद्द केलं, हे पोट्ट्यांना कोणीतरी सांगून ठेवलंय. 67 शाबूत आहे हे नाही सांगितलं. अश्लील मजकुराला पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे, असं याच कोर्टानं 2024 मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात म्हटलेलं आहे, खरं. पण ते म्हणायला वकील कोर्टात उभा राहीपर्यंत भरती होऊन जाते. आणि जातीवर घसरला असाल तर ॲट्रॉसिटी, तिथं चांदण्या उपयोगाच्या नाहीत.

माझं विचाराल तर पोट्ट्याला शिक्षा व्हावी. जिला शिव्या दिल्या तिच्या मुलासमोर उभं राहून माफी मागावी, चार मॅच बाहेर बसावं, पाचवीला खेळावं. आकडा सांगा आणि मोकळे व्हा.

आणि प्रेक्षकांच्या जिभेचं काय, तेही कोणी काढत नाही. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथं खेळून आली तेव्हा अठरा वर्षांची होती. लोक खेळ सोडून आपले कपडे, केस, बोलण्याची ढब यावरच बोलतात, असं तिनं इन्स्टाग्रामवर न कचरता लिहिलं. त्या बोलणाऱ्यांतल्या कोणाला एका सामन्याची तरी बंदी झाली का? जुलै 2025 मध्ये ती बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा अभिनंदनाच्या रांगेत हेच लोक पुढं असतील. सगळ्यांचे फोन साफ.

फोन साफ करायचं नवं फॅड तर आता जोरात आहे. भरतीची जाहिरात आली की पोट्टे रात्री बसून जुन्या पोस्टा उडवतात, आयडी बदलतात. परवा म्हणे एका सरांनी मैदानावर सगळ्यांना रांगेत उभं केलं, फोन एका टोपलीत गोळा केले आणि सोशल मीडियावर कसं वागावं यावर भर उन्हात अर्धा तास भाषण दिलं. भाषण संपलं, फोन परत मिळाले, आणि पाच मिनिटांत मागच्या रांगेतल्या एकानं सरांची 2013 सालची फेसबुक पोस्ट शोधून काढली. अंपायरच्या आईवर होती. आणि चांदणीबिंदणी काही नाही, शब्द सगळा पुराच लिहिलेला!