गाडीचा तलाठी बदलला

इंडिकेटर दिला की वायपर हलायचा. बीडमध्ये असा बिघाड वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण मुळात इंडिकेटर देतो कोण? मी देतो. त्यामुळे बार्शी नाक्यावर वळताना, मे महिन्यातल्या दुपारी, कोरड्याठाक काचेवर माझा वायपर करकरत फिरू लागला. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, पाऊस तुमच्याच गाडीवर पडायलाय का?" बीडच्या माणसाची पावसावरून चेष्टा करू नये. फार लागते.

पुढे गाडीला कंठ फुटला. रात्री दोन वाजता हॉर्न आपोआप वाजायचा. सेंट्रल लॉक स्वतःच लागायचं, स्वतःच उघडायचं. गल्लीत बाधेची चर्चा सुरू झाली. एकाने लिंबू-मिरची आणून दिली, दुसऱ्याने बॅटरीची वायर काढायला सांगितली. शास्त्राच्या जवळचा सल्ला दुसऱ्याचाच होता, पण शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी दोन्ही उपाय केले.

आमचे मिस्त्री म्हणजे कमांडर जीपच्या काळातले. तुटलेली वायर दातांनी सोलून, पिळा मारून गाडी परळीला धाडणारे. त्यांनी आधी फ्यूज पाहिले, मग अर्थिंगचा नटबोल्ट घासून पुसून घट्ट केला. निम्मी भुतं तिथंच उतरतात म्हणाले. माझं उतरलं नाही. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला, चष्मा कपाळावर चढवला आणि निदान केलं, "बीसीएम गेलंय."

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूल. माझ्या मते तो गाडीचा तलाठी. पूर्वी बटण दाबलं की वीज तारेतून थेट दिव्याकडे जायची. आता बटण फक्त अर्ज करतं. दिवे, वायपर, काचा, लॉक, हॉर्न असे सगळे अर्ज या डब्याकडे येतात, आणि तो मंजूर करील तेव्हाच काम होतं. इंजिनाच्या आणि ब्रेकच्या डब्यांशी त्याचा पत्रव्यवहार चालतो दोन पिळलेल्या तारांवरून. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही 'कॅन' पद्धत. तारांचं ओझं कमी झालं, हे खरं. पण तलाठी आजारी पडला की सगळा गाव ठप्प.

मिस्त्री पाय सीटवर टाकून, डोकं पॅडलपाशी घालून डॅशबोर्डखाली शिरले आणि हाताच्या पंजाएवढा काळा डबा घेऊन बाहेर आले. त्याच्या पिनांवर हिरवं किटाण चढलं होतं. काचेखालच्या पन्हाळीत लिंबाचा पाला तुंबला होता आणि गाडी धुतली की पाणी आत झिरपायचं. आता बीडच्या उन्हात लिंबाखाली गाडी लावू नका, असं सांगणारा माणूस अजून जन्मायचाय.

भंगारातून तसाच डबा मिळाला. बसवला, तर गाडी ढिम्म. त्याच्या पोटात दुसऱ्याच गाडीचा सतरा अक्षरी चॅसिस नंबर. "मेलेल्या मालकाशी इमान राखून हाय," मिस्त्री कौतुकाने म्हणाले.

शेवटी कंपनीचं वर्कशॉप. नवा डबा बसवायला चहा निवेस्तोवरचा वेळ लागला. खरं काम पुढे होतं. नवीन तलाठ्याचं दप्तर कोरं असतं. लॅपटॉप जोडून त्यात चॅसिस नंबर लिहायचा, गाडीत काय आहे नि काय नाही त्याची नोंद करायची. लिहिताना बॅटरीचा दाब खाली आला तर नवा डबाही कायमचा झोपू शकतो, म्हणून चार्जर लावून ठेवतात. चार्जर लावला आणि लाइट गेली. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, हे वर्कशॉपमधल्या पोराला मी अभिमानाने सांगितलं. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि जनरेटर सुरू करायला गेला.

नंतर किल्ल्यांची ओळखपरेड. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पोरगं म्हणालं, "सर, दुसरी किल्ली?" दुसरी अंबाजोगाईला, मेहुण्याच्या खिशात. लग्नसराईत गाडी नेली, परत दिली, किल्ली मात्र 'असू द्या दाजी' म्हणत ठेवून घेतली. पोरगं म्हणालं, "मग तिची नोंद होणार नाही. आणली की जोडून देऊ."

तेव्हा बीसीएम बदलायला निघालात, तर घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. हजर असतील तेवढ्याच नोंदवतात. गैरहजर किल्लीचं लोखंडी पातं दार उघडतं, पण इंजिन चालू होत नाही. म्हणजे आमचे मेहुणे आता गाडीत बसू शकतात, गाडी नेऊ शकत नाहीत. ती किल्ली जोडून घ्यायची मला काहीही घाई नाही.