आरओ महाराज, आपल्या बदलीबाबत

श्री. रा. रा. आरओ महाराज,
मु. ओट्याच्या वरची भिंत, महाड, जि. रायगड
यांसी,

कृ. सा. न. वि. वि.

आपण आमच्या भिंतीवर विराजमान झालात तेव्हापासून देव्हाऱ्यातली मंडळी जरा खट्टू आहेत. त्यांना निळा दिवा नाही, आपल्याला आहे. त्यांना सालाबादचा अभिषेक, आपल्याला एएमसी. पण देव तीर्थ देतो ते सगळं हातावर देतो. आपण एक भांडं देता आणि तीन भांडी मोरीत सोडता. पत्राचं कारण एवढंच.

आपल्या खानदानाबद्दल मात्र मनात आदर आहे. सुकी मनुका पाण्यात टाकली की पाणी आपणहून तिच्या सालीतून आत शिरतं आणि ती टरारून फुगते. आपलं काम नेमकं याच्या उलट. खारट बाजूला दाब द्यायचा आणि मीठ मागे ठेवून नुसतं पाणी पडद्यापार ढकलायचं. 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी कामाला येईल असा पडदा तयार केला, तो समुद्राचं पाणी गोडं करायचं म्हणून. म्हणजे आपण समुद्राशी दोन हात करायला जन्माला आलात. आणि आमच्याकडे कशाशी झुंजताय? महाबळेश्वराच्या कड्यावरून उतरून पोलादपूरमार्गे महाडात आलेल्या सावित्रीच्या खोऱ्यातल्या पाण्याशी!

इथलं पाणी म्हणजे जवळजवळ पाऊसच. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याला मुरू देत नाही. पडलं की पऱ्ह्याने ओढ्याला, ओढ्याने नदीला आणि तिथून बाणकोटच्या खाडीला. दगडाशी संसार करायला सवडच नाही, मग क्षार विरघळणार कधी? म्हणून ते गोड. आणि म्हणूनच एप्रिल उजाडला की नाहीसं. चार महिने जिथे छत्री वाळत नाही, त्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर आणि कोंडांवर मे महिन्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. दोन्हींचं कारण एकच आहे: पाणी थांबत नाही. राहिलेलं थांबवायचं सोडून आपण त्यातलंही तीन चतुर्थांश पुढे पाठवता.

आपली स्थापना झाली तो दिवस आठवतो. कंपनीचा मुलगा बूट दारात काढून, गुळगुळीत केस सावरत आत आला. बॅगेतून पेनासारखं मीटर काढून नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा शंभराच्याही आत. भारतीय मानक संस्थेच्या 10500 क्रमांकाच्या मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंतही. हे त्याला माहीत असावं, कारण मीटर त्याने लगबगीने आत ठेवलं आणि "काकू, आता खरी टेस्ट बघा" म्हणत दुसरं यंत्र काढलं. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आपल्या नमुन्याचं. प्रत्येकात एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची कांडी सोडली आणि बटण दाबलं. मिनिटाभरात नळाचं पाणी तांबूस-हिरवं, वर साय धरलेलं, बघवेना असं. आपलं मात्र नितळ. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "एवढी वर्षं हे पीत होतो?"

आमची दहावीतली धाकटी अभ्यासाच्या नावाखाली तिथेच घुटमळत होती. ती मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेऊन आली, आपल्या नितळ ग्लासात टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. ग्लास नळाच्या पाण्याहूनही लवकर लाल झाला. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचं लोखंड झिजून गंज उतरतो. दिसली ती घाण पाण्यातली नव्हती, त्याच्याच बॅगेतली होती. मुलगा हसला, "ताई हुशार आहे" म्हणाला आणि हप्त्याचा फॉर्म काढला. तरीही आपण आलातच, कारण शेजारी आधीच आला होतात.

आता मोरीचा हिशोब. समजा, आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 100 आहे. आपण चारातलं एक लिटर देता, ते साधारण 10 चं. उरलेल्या तीन लिटरांत बाकीचे क्षार गेले, तर त्यांचा आकडा होतो 130. पाचशेच्या पुष्कळ आत. म्हणजे महाराज, क्षारांच्या मापाने आपण मोरीत सोडता ते पाणीही खुशाल पिण्याजोगं आहे! पुढची गंमत अशी की दिलेलं पाणी बेचव लागतं म्हणून आपल्याच पोटात एक कळ बसवली आहे. तिला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. ती पडदा टाळून आलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळते. काढायचं, मग घालायचं, आणि दोन्हींचे पैसे घ्यायचे.

घरात रोज वीस लिटर गाळलं तर साठ लिटर मोरीत. जलजीवन मिशन खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर द्यायचं म्हणतं. माणसाचा अख्खा वाटा आमची मोरी रोज पिते, वर पाच लिटर जास्त. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सरकारला सांगितलं होतं की टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओला मनाई करा आणि बाकी ठिकाणी निदान 60 टक्के पाणी हाती येईल असं बघा. तो निकाल वाटेतल्या एखाद्या घाटातच अडकला असावा.

पाणी शुद्ध करून घ्यायची हौस आमच्या गावाला जुनीच आहे म्हणा. चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता, अर्थात कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या सोवळ्या मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या आणि पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा कुणाकडे पेन-मीटर असतं तर आकडा वरच गेलेला दिसला असता. तळ्यावरून कोर्टकज्जा जवळजवळ दहा वर्षं चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो बाबासाहेबांच्या बाजूने. त्याही शुद्धीकरणात पाण्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

पाण्याकडे पाहायचं तर जुलैत पाहावं. नळाला गढूळ येतं, विहिरीत वरचा लोंढा उतरतो, जुलाब-कावीळ घरोघर फिरते. ते जंतू आपल्या लाडक्या पेनावर दिसतच नाहीत. ते कळतात प्रयोगशाळेत. ते मारायला जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर टाकावी लागते, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग यावा लागतो आणि खेड्यात ग्रामपंचायतीला पाण्याच्या धोक्याचं लाल कार्ड मिळालं तर ग्रामसभेत त्यावरून भांडावं लागतं. आम्ही मात्र भांडत नाही, भिंतीला भोक पाडतो. आपण जंतू अडवता हे मान्य. पाणी उकळणारं पातेलंही त्यांना मारतं, आणि 22 जुलै 2021 सारखा पूर येऊन वीज गेली तरी चुलीवर चालतं.

एमआयडीसीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कारखान्यांच्या सांडपाण्याची त्यांची भीती खरी आहे आणि ती टीडीएसच्या आकड्याने जाणारी नाही. तिथे पाणी नीट तपासून घेतल्यावर आपली गरज निघालीच, तर जरूर जा.

एरवी आमची विनंती अशी की जनहितार्थ आपली बदली व्हावी. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेचा खारपाणपट्टा आपली वाट पाहतो आहे. तिथे विहीर खणली की खारं पाणी लागतं. तिथे आपल्या खानदानाचं चीज होईल. आपल्या जागी तुरटीचा खडा, सुती फडकं आणि झाकणाचं पातेलं यांची हंगामी नेमणूक केली आहे. निघेपर्यंत आपली काळी नळी बादलीत सोडली आहे. त्या पाण्यात भांडी विसळतो, आणि ती छान निघतात.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक महाडकरीण

ता. क. : आपल्या कंपनीच्या मुलाचा काल फोन आला होता. मेंब्रेन बदलायची वेळ झाली म्हणाला. मी विचारलं, "पाणी न बघता कसं कळलं रे?" म्हणाला, "कॉम्प्युटरवर तारीख आलीय, काकू."