दार कुणाच्या हातात?

टपरीवर तात्या येताना दिसले की आपापला चहाचा कप उचलून हातात घ्यावा. बाकड्यावर राहिला तर त्याचा इराण होतो. तुमचा कप इराण, माझा कप ओमान, मधे सांडलेला चहा म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी आणि पार्लेची बिस्किटं ही तेलाची जहाजं. एकेक बिस्किट त्या चहातून सरकवत तात्या सांगतात की जगातलं जवळजवळ पाचवा हिस्सा तेल या चिंचोळ्या वाटेनं जातं. पलीकडं पोचलेलं जहाज ते खाऊन टाकतात. बिस्किटं दुसऱ्याच्या पुड्यातली असतात, हे सांगायला नकोच. मग ओलं बोट आपल्याकडं रोखून ठरलेला सवाल येतो, “मला एवढंच सांग लेका, दार कुणाच्या हातात?”

तात्या नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. हा कालवा 1885 सालचा. वीर धरणावरून निघतो, बारामती ओलांडतो आणि इंदापूर तालुक्यात जाऊन संपतो. त्याच्यावर ज्यानं नोकरी काढली, त्याला माणसाचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडचा शेतकरी दार उचलून रात्रीत उसाला दोन पाण्यांची भर घालून घेतो आणि टेलचा, म्हणजे शेवटाकडचा, पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म खिशात घालून कोरड्या चारीकडं बघत बसतो. निवृत्त झाल्यावर तात्यांनी हे ज्ञान जगाला लावलं. त्यांच्या हिशेबी पृथ्वीवर देश दोनच, हेडचा आणि टेलचा. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे पाणीवाटप संस्था, पावती फाडण्यापुरती. नाटो म्हणजे हेडच्या बागायतदारांची युनियन. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढप्यावर डोळा ठेवून असतात, आणि मठ्ठा शेवटच्या पानापर्यंत पोचला नाही की मांडवात उभं राहून विचारतात, “दार कुणाच्या हातात?” एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झाली असताना वीज गेली, तेव्हाही हेच. अर्धा गाल साबणाचा ठेवून माणूस महावितरणच्या हेड आणि टेलवर बोलत होता आणि न्हावी बिचारा वस्तरा धरून ऐकत होता.

रागवायची सोय नाही, कारण कधीकधी हा माणूस बरोबर निघतो. 2022 च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर सैन्य घातलं तेव्हा टपरीवर प्रत्येकाकडं आपापलं कारण होतं. कुणी नाटो म्हणालं, कुणी गॅस म्हणालं. तात्या म्हणाले, “कालव्यावरून असणार.” आम्ही पोट धरून हसलो. जळोचीच्या उपबाजारात डाळिंबाच्या लिलावाला आलेला एक पोरगा मोबाइलवर शोधत बसला आणि जरा वेळानं त्यानं मान वर केली. खरंच एक कालवा होता. नीपर नदीचं पाणी क्रिमियाला नेणारा. 2014 मध्ये रशियानं क्रिमिया घेतल्यावर युक्रेननं त्यात बांध घालून पाणी तोडलं होतं, आणि आता रशियन फौजांनी तो बांध उडवून दिला होता. युद्ध काही तेवढ्यावरून पेटलं नव्हतं, पण हे तात्यांना सांगणार कोण? त्यानंतर वर्षभर त्यांच्याजवळ बसण्यात अर्थ नव्हता.

पुढं 6 जून 2023 ला त्याच नदीवरचं काखोव्का धरण फुटलं. त्या दिवशी मात्र ना कप मांडले, ना बिस्किटांना हात लावला. कुणाच्या बाजूनं नाही, कुणाच्या विरोधात नाही, नुसतं पुटपुटत होते, “धरण फोडत्यात व्हय रं?” घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा. आम्हीही विषय बदलला.

पण हा झाला परराष्ट्र विभाग. गृहखात्याची गोष्ट निराळी. 22 जून 2025 च्या पहाटे अमेरिकेनं इराणच्या फोर्डो, नतान्झ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले, आणि त्याच दिवशी माळेगाव साखर कारखान्याचं मतदान होतं. तात्या सभासद आहेत. मत देऊन ते थेट टपरीवर आले, ते तोफखाना लावूनच. फोर्डोचा डोंगर किती खोल, बॉम्ब साडेतेरा टनाचा, म्हणजे एका खेपेचा ऊस समजा, असे चौदा. ट्रम्पला काय कळत नाही, खामेनींचं कुठं चुकलं, नेतान्याहूंनी कुठं थांबायला हवं होतं, सगळ्यांची बिनपाण्यानं झाली. आवाज बाजार समितीच्या गेटपर्यंत जात होता.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “तात्या, कारखान्याचं काय?”

आवाज एकदम घशात गेला. “काय म्हंजे? चांगलं झालं की मतदान.”

“पण पॅनेल कुठलं?”

“सगळी आपलीच माणसं हायेत.”

मी मुद्दाम खोडी काढली. “तात्या, मग दार कुणाच्या हातात?”

तात्या उठले आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन निघून गेले. त्यांच्या खिशातून टपरीवर पैसे निघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

यात तात्यांनाच हसायचं कारण नाही. आमच्याकडं हाच रिवाज. 2024 मध्ये एकाच घरातल्या नणंद-भावजय लोकसभेला समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा अख्ख्या देशाच्या वाहिन्या बारामतीत दांडकी घेऊन फिरत होत्या. काय मिळालं त्यांना? “विकास झालाय.” “दोन्ही आपलेच.” “बघू.” आणि आपसात दबक्या आवाजात एकच सूत्र फिरत होतं, लोकसभेला ताई, विधानसभेला दादा. जूनमध्ये सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी निवडून आल्या, बारामती विधानसभा क्षेत्रातूनही आघाडी घेऊन. त्याच बारामतीनं नोव्हेंबरमध्ये अजित पवारांना 1,00,899 मतांनी निवडून दिलं. एवढा मोठा निकाल दोनदा लागला आणि टपरीवर कुणाचा आवाज चढला नाही. नेतान्याहूंना शिव्या घातल्या म्हणून कुणाच्या उसाची तोड लांबत नाही, पतसंस्थेत कर्ज अडत नाही, एमआयडीसीत पोराची चिठ्ठी मागं पडत नाही. पुतिन कितीही वाईट असला तरी तो पुढच्या गुरुवारी बाजारात समोर येत नाही. जितका शत्रू लांब तितका आमचा घसा मोकळा.

एवढं लिहून मी तात्यांचा हिशेब मिटवला असता. पण 2025 च्या एप्रिलमधली एक संध्याकाळ मधे येते.

22 एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी सिंधू पाणीवाटप करार स्थगित केल्याचं सरकारनं जाहीर केलं. टपरी पेटली होती, आणि पेटायलाच हवी होती. पाणी तोडा, थेंब जाऊ देऊ नका! सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. त्यांचाच विषय, आणि या वेळी दार आपल्या हातात. तात्यांनी कपांना हात लावला नाही. खाली बघत विचारलं, “साठवणार कुठं?”

मग ते बोलले, एरवीच्या निम्म्या आवाजात. 1960 च्या करारानं सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडं गेल्या. त्यांच्यावरचे आपले प्रकल्प बहुतेक वाहत्या पाण्यावर वीज काढणारे, साठा थोडा. “दार लावलं म्हंजे पाणी थांबतं व्हय? ते मागं फुगतं, न्हाय तर वरनं जातं. वीर भरलं की रात्री दोनला सोडायला लागायचं, मनात असो-नसो. धरणं बांधा, बोगदे काढा, कालवं खणा, त्याला वर्षं घाला. मग तोडा. माझी ना न्हाय.”

कोपऱ्यातल्या एका पोरानं विचारलं, “तात्या, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?”

“मी रिटायर हाय,” तात्या म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

त्यांच्या मेहुण्याकडून मला नंतर एक गोष्ट कळली. एका उन्हाळी आवर्तनात हेडची माणसं रात्री दार उचलायला येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा हा माणूस बॅटरी आणि भाकरी घेऊन रात्रभर दारावर बसून राहिला. पाणी टेलला पोचलं. सकाळी हेडवाल्यांनी शिव्या दिल्या, आणि पाणी उशिरा आलं म्हणून टेलवाल्यांनीही. महिन्याभरात बदली झाली. तेहरानपासून तैवानपर्यंत सगळ्यांचं सांगणाऱ्या तात्यांनी हे मात्र कधी सांगितलं नाही.

तुम्ही कधी डाळिंबाच्या लिलावाला जळोचीला आलात, तर तात्या भेटतीलच. त्यांना ट्रम्पचं विचारू नका, दुपार जाईल. कारखान्याचं विचारू नका, काही मिळणार नाही. कालव्याचं विचारा. ते त्यांना कुणी विचारत नाही, आणि तेवढं एक त्यांना पक्कं येतं.