हवेच्या दाबाला स्थगिती मिळणेबाबत

प्रति,
मा. इमारत परवानगी व ड्रेनेज विभागातील सर्व संबंधित अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा.

विषय : आपल्या हद्दीत हवेचा दाब स्थगित करणेबाबत.
संदर्भ : गच्चीच्या कोपऱ्यातला, कशालाच उपयोगी नसल्यासारखा दिसणारा पाइप.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, राज्यातल्या गृहनिर्माण सोसायट्या, फ्लॅटमालक आणि पंधरा दिवसांत बाथरूम नवंकोरं करून देणारे कंत्राटदार यांनी मिळून व्हेंट पाइप नावाची वस्तू जवळपास निकालात काढली आहे. यासाठी मोर्चा निघाला नाही की सर्वसाधारण सभेत ठराव झाला नाही. गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना पाइप आडवा आला की मिस्त्री ग्राइंडर फिरवतो आणि पाइप शेडच्या आतच संपतो. सौर पॅनेलवर सावली पडते म्हणून तो गुडघ्याएवढा होतो. कबुतरं घरटं करतात म्हणून त्याच्या तोंडावर सिमेंटचा गोळा थापला जातो. वरच्या मजल्यावरचा मालक डक्टच खोलीत घेतो, तेव्हा तर पाइपाला वर जायला आभाळच उरत नाही. एवढं होऊनही कागदोपत्री काहीच बिघडलेलं नाही, कारण मंजूर नकाशावर पाइप अजून दिमाखात उभा आहे. नियमांची बाजू अशी निर्धास्त झाल्यावर आता एकच अडचण राहते. हवेचा दाब नकाशा पाहून वागत नाही. तेव्हा तोही स्थगित करावा, एवढीच आमची मागणी.

मागणी चमत्कारिक वाटू नये म्हणून थोडा खुलासा करतो. कमोडच्या पोटात, बेसिनखालच्या वळणात आणि मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहतं, तेवढंच आपलं घर आणि गटार यांच्या मध्ये उभं असतं. तिथे दार नाही, झडप नाही, नुसतं पाणी आहे. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ साली वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यानंतर या युक्तीत मुळातून काही बदललेलं नाही. या पाण्याची उंची आपल्याकडे किमान ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच धरतात. आता सातव्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की पाणी उभ्या पाइपाच्या अंगाला धरून खाली धावतं आणि पाइपातली हवा बरोबर ओढून नेतं. ती जागा भरायला वरून हवा यायला हवी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला वाणी एका कोपऱ्यात भोक पाडतो आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. पहिलं तेलासाठी, दुसरं हवेसाठी. गच्चीवरचा पाइप म्हणजे ते दुसरं भोक. ते बुजवलं की खाली धावणारं पाणी मिळेल तिथून हवा घेतं, आणि सगळ्यात हाताशी असते ती पाचव्या मजल्यावरच्या बाथरूममधली, नहाणी ट्रॅपच्या पलीकडची. मोरीतून गुडगुड ऐकू येते ती याचीच. त्या दोन इंचांतलं पाणी घोटाघोटाने पाइपात निघालेलं असतं. खाली याच्या उलट घडतं. उभा पाइप जिथे आडवा वळतो तिथे पाण्याचा वेग मोडतो, मागून येणारी हवा कोंडते आणि पहिल्या मजल्यावरच्या कमोडमधून बुडबुडे वर येतात. सोसायटीच्या सभेत पहिल्या मजल्यावरचे काका कायम चिडलेले का असतात, याचं एक उत्तर इथेही सापडेल.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे : पाइप कापून आठ वर्षं झाली, कुठे काय झालं? यात खोटं काही नाही. ट्रॅप रिकामा होतो तेव्हा फरशी ओली होत नाही, छत गळत नाही, शेजारी भांडायला येत नाही. येतो तो नुसता वास, आणि वासाला आपल्याकडे कारणांचा तुटवडा नाही. पावसाळी हवा आहे, खालच्यांनी सुकट भाजली, उंदीर मेला असेल. मग जाळीवर डांबराच्या गोळ्या पडतात, बाजारातून निळं द्रव्य येतं आणि शेवटी मोठा एक्झॉस्ट फॅन बसतो. हा फॅन म्हणजे उपायाच्या वेषातलं संकटच. दार घट्ट लावून तो सुरू केला की बाथरूममधली हवा बाहेर फेकली जाते आणि तिच्या जागी हवा येते ती दाराच्या फटीतून, नाहीतर कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून. फट रबराच्या पट्टीने बुजवली असेल तर सगळी गटारातूनच. म्हणजे महिन्याच्या वीजबिलात आपण गटाराची हवा घरात खेचून आणण्याचे पैसे भरत असतो. तेव्हा ‘काही झालं नाही’ याचा अर्थ, जे झालं त्याचा पाइपाशी संबंध कोणी लावला नाही, इतकाच.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे आणि त्यात वजन आहे. ते म्हणतात, गटारातल्या दूषित हवेने रोग होतात ही एकोणिसाव्या शतकातली अंधश्रद्धा होती. जंतूंचा शोध लागला आणि ती संपली. बरोबर आहे. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेला काम करणं मुश्किल झालं, तेव्हा भीती वासाचीच होती. १८७१ साली प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, स्कारबरोच्या एका हवेलीत पाहुणचार घेऊन आला आणि विषमज्वराने मरता मरता वाचला. दोष त्या हवेलीच्या ड्रेनेजवर आला आणि अवघ्या इंग्लंडचं लक्ष आपापल्या घरातल्या पाइपांकडे गेलं. विषमज्वर दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो हे पुढे पक्कं झालं आणि गटारातली हवा निर्दोष सुटली. नियम मात्र राहिले. म्हणजे चुकीच्या कारणाने केलेले नियम आपण सवयीने पाळतो आहोत, असा हा युक्तिवाद. त्याला उत्तर मिळालं मार्च २००३ मध्ये, हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत. तिथल्या ३३ मजली ‘ई’ ब्लॉकमध्ये सार्सचा एक रुग्ण, अतिसार झालेला, नातेवाइकाकडे येऊन संडासाला गेला. काही आठवड्यांत वसाहतीतले तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, आणि त्यांत ‘ई’ ब्लॉकचा वाटा सर्वांत मोठा होता. एकमेकांना न भेटलेली, पण एकाखाली एक असलेल्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं आजारी पडत होती. तपासात जे सापडलं ते कोणत्याही प्लंबरला कळेल असं होतं. लोक बाथरूमची फरशी पाणी ओतून धूत नव्हते, पुसत होते. त्यामुळे फरशीवरचे ट्रॅप सुकले होते. त्यात एक्झॉस्ट फॅन सुरू झाला की मैलापाइपातले बारीक थेंब सुकलेल्या ट्रॅपमधून आत खेचले जात. त्याच ब्लॉकमध्ये व्हेंट पाइपाला तडा गेल्याचंही आढळलं. रोग वासाने झाला नव्हता. ज्या वाटेने वास येतो त्या वाटेने विषाणू आला होता. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, हाँगकाँगच्याच त्सिंग यी बेटावरच्या एका इमारतीतून शंभराहून अधिक रहिवाशांना रातोरात हलवण्यात आलं, कारण एका घरातला व्हेंट पाइप नीट बंद केलेला नव्हता. पाइपाशी घरमालकाने केलेली छेडछाड किती महाग पडू शकते, हे तिथल्या प्रशासनाला एव्हाना ठाऊक झालं होतं. आज तिथे नागरिकांना सांगितलं जातं की फरशीवरच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा अर्धा लिटर पाणी ओता. उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर गावाला जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबाने परत आल्यावर बाथरूमचं दार उघडण्याआधी हे आठवावं.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे. आमचे इंटिरियर डिझायनर सांगतात की हल्ली एकाच पाइपाची पद्धत आहे, तिला वेगळा व्हेंट लागत नाही. अर्धं खरं हे पुरं खोटं ठरायला फार वेळ लागत नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधकांनी प्रयोग करून ही एकपाइपी पद्धत बसवली हे खरं, पण तिच्या अटी कडक आहेत. संडास, बेसिन, मोरी सगळं उभ्या पाइपाच्या जवळ हवं. ३२ मिलिमीटरच्या नळीने जोडलेलं बेसिन १.७ मीटरपेक्षा दूर नको. उतार ठरावीक हवा. आणि मुख्य म्हणजे तोच उभा पाइप छताच्या वर उघड्या हवेत जायला हवा, तीन मीटरच्या आत खिडकी असेल तर तिच्या किमान ९०० मिलिमीटर वर. म्हणजे वेगळा व्हेंट नसतो, कारण पाइप स्वतःच व्हेंट असतो. आपल्याकडे बेसिन उचलून समोरच्या भिंतीवर जातं, फरशीखालून लांबलचक आडवी नळी फिरते, वरचं तोंड बंद होतं आणि पद्धतीचं नाव तेवढं ‘एकपाइपी’ राहतं. याला जोडून दुसरा दावा येतो तो हवा आत घेणाऱ्या झडपेचा. ही झडप १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली आणि वस्तू उत्तम आहे. पाइपात हवा कमी पडली की ती उघडते, एरवी बंद. पण ती हवा फक्त आत घेते. खाली कोंडलेली हवा बाहेर सोडत नाही. त्यामुळे झडप लावली तरी कुठेतरी एक पाइप आभाळाकडे तोंड करून उभा राहावाच लागतो.

गंमत अशी की शहरात जो पाइप हवा तिथे तो नाही आणि खेड्यात जिथे नको तिथे आहे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला व्हेंट पाइप लागत नाही. खड्ड्यातला वायू भोवतालच्या मातीत मुरतो. तरीही पाइपाशिवाय संडास पुरा वाटत नाही म्हणून गावोगाव तो रोवलेला दिसतो. सेप्टिक टाकीला मात्र तो हवाच, किमान ५० मिलिमीटर व्यासाचा; आणि टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर घराच्या माथ्यापेक्षा दोन मीटर उंच. त्याच्या तोंडावर डास शिरणार नाहीत अशी जाळी बसवा, असंही भारतीय मानकात लिहिलेलं आहे, आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी दर पावसाळ्यात घरोघरी तेच सांगत फिरतात, कारण हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाला सेप्टिक टाकीसारखी दुसरी सोयीची जागा नाही. पण जाळी म्हणजे झाकण नव्हे. डास अडवायचा आहे, हवा नाही. जाळीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने आवळणाऱ्यांनी डासांचा बंदोबस्त केला आणि वायूला घराकडे वाट करून दिली. तेव्हा सरसकट ‘पाइप लावा’ किंवा ‘पाइप काढा’ असं सांगून भागणारं हे प्रकरण नाही, आणि नियम लांबलचक का असतात याचं हेही एक कारण आहे.

आता नियमांविषयी. राज्याची २०२०ची एकत्रित नियमावली प्लंबिंगसाठी राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखवते. संहितेच्या नवव्या भागात सगळं आहे : ट्रॅप, व्यास, उतार, व्हेंट, चाचण्या. नियम कमी पडतात अशी तक्रार कोणी करू नये. त्यांत धुराची एक चाचणी आहे. सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी भरायचं, तेलकट चिंध्या किंवा डांबरी कागद जाळून तो धूर पाइपात सोडायचा. तो आधी गच्चीवरच्या तोंडातून बाहेर पडला पाहिजे. पडला की तोंड बंद करायचं आणि २५ मिलिमीटर पाण्याइतका दाब पंधरा मिनिटं ठेवायचा. ट्रॅपमधलं पाणी ५० मिलिमीटर असल्याने शाबूत ट्रॅप हा दाब सहज पेलतो. धूर येतो तो फक्त जिथे चूक आहे तिथून. गच्चीवर धूर आलाच नाही, तर पाइप मध्येच कुठे संपला आहे हे शाळकरी पोरालाही कळेल. इतकी स्वस्त आणि इतकी निर्विवाद चाचणी उपलब्ध असताना, टाइल बसल्यानंतर परवानाधारक प्लंबरच्या सहीचा कागद फायलीला लागतो आणि काम पूर्ण झालं असं मानलं जातं. कागदातून धूर येत नाही. आणि इमारत पूर्ण झाल्यावर वीस वर्षांत घराघरांतून जी नूतनीकरणं होतात, त्यांना तर तोही कागद लागत नाही. धुराची चाचणी सक्तीची केली तर बांधकाम रखडेल, असं बिल्डर म्हणतील. ज्या इमारतीला लिफ्टच्या परवानगीसाठी थांबता येतं, तिला पंधरा मिनिटांच्या धुरासाठीही थांबता येईल.

सबब, हवेचा दाब स्थगित करण्याचे अधिकार आपल्याकडे असतील तर तसा आदेश काढावा, म्हणजे आम्ही उरलेसुरले पाइपही मोकळ्या मनाने कापून टाकू. अधिकार नसतील, तर पर्यायी विनंती अशी की भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी, आणि बाथरूमचं नूतनीकरण होताना टाइल बसण्यापूर्वी, धुराची चाचणी आपल्या अभियंत्याने स्वतः हजर राहून घ्यावी आणि तो अहवाल सोसायटीच्या सूचना फलकावर लावावा. चिंध्यांचा खर्च सोसायट्या करतील.

कळावे,

आपले नम्र,
सर्व मजल्यांवरील रहिवासी