घाटातला फोटो

पाटोद्यात गाडीचा वेग आवरायला सरकारला कॅमेरा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर पुढं असले, की मागच्यांचा वेग आपोआप ठरतो. ट्रॉलीत संसार, त्यावर पोरंबाळं, सगळ्यात वर लाउडस्पीकर. ओव्हरटेकला जागा मिळेपर्यंत गाणं पाठ होतं. बाकी वर्षभर हे काम गतिरोधक सांभाळतात. त्यांचा दंड जागच्या जागी वसूल होतो, पण तो तिजोरीत न जाता गॅरेजवाल्याकडं आणि मणक्याच्या डॉक्टरकडं जातो.

भानगड होते ती आमच्या बीड जिल्ह्याची एमएच २३ गाडी मुंबईच्या दिशेनं निघाली की. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे नजर ठेवून आहेत. कारला सपाटीवर ताशी १०० किलोमीटर, बोरघाटात ६०. आता बालाघाटाच्या डोंगरात जन्मलेल्या ड्रायव्हरला घाट कसा चालवायचा हे कुणी शिकवावं? तो आपल्याच ऐटीत उतरतो. मग मोबाइलवर दंडाचा मेसेज येतो, आणि मेसेजमागोमाग चहाच्या टपरीवर चर्चा.

"नाना, सरकारनं पैसे काढायचा धंदा मांडलाय."

"मग देऊ नगंस की," नाना बशीत चहा ओततात. "साठानं चालव. सरकार बसंल उपाशी."

नानांच्या या अर्थशास्त्राला माझ्याकडं उत्तर नाही. पाय जरा उचलला की माफ होणारा कर दुसरा कुठला आहे? तरीही २०२५ च्या जुलैत मालवाहतूकदारांनी ई-चलनांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांचा सगळाच राग खोटा होता असं मला वाटलं नाही. पोटावर बेतलेल्या माणसाला दंड आणि खंडणी यांतला फरक शांतपणे समजावून घ्यायला सवड नसते.

फरक ओळखायची एक खूण मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांत सापडते: कॅमेरा आहे असं सांगणारा फलक वाहनचालकांना आधीच दिसला पाहिजे. ज्याला खिसा कापायचाय, तो मोठ्या अक्षरांत पाटी लावून उभा राहत नाही. म्हणून मी रस्त्यात आधी पाटी शोधतो. दिसली की ब्रेकवर पाय, आणि सरकारबद्दल बरे विचार. पाटी झाडाच्या फांदीआड असली, तर विचार बदलतात.

"पण समदेच साठानं चालवाया लागले, तर त्या कॅमेऱ्याचं काय?" टपरीवाल्यानं विचारलं.

नाना म्हणाले, "आणू हिकडं. सौताड्याच्या धबधब्यावर कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढत्यात ना, त्यांचे फोटो काढू दे. घरी, आईच्या मोबाइलवर जायला पाहिजेत."